निजायच्या खोलीतली जाहीर सभा

ती. लुर्देसताईस,

धाकट्या जासिंतोचा पडल्या पडल्या नमस्कार. (उठून केला असता, पण ते पुराण पुढे येतंच आहे.) तुझी तब्येत कशी आहे? अमादेऊभावजींचा खोकला गेला का? ओरेगॉनच्या पावसात बिनटोपीचं हिंडायचं वय आता राहिलं नाही म्हणावं. सासूबाई अजून तुला भलत्याच नावाने हाक मारतात का? मारू देत. तुझ्या हातून जेवतात ना, मग झालं. रविवारी फोनवर तू विचारलंस, जेवलास का रे, आणि मी म्हणालो, पोटभर. थाप होती ती. फोनवर खरं सांगितलं की तू रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते, म्हणून हे पत्र. पत्र वाचून तू रडलीस तरी मला ऐकू येत नाही. एका बोटाच्या पेराने टाइप करतोय, चुका पोटात घाल.

तर रोझाल्वा गेली. मला आंघोळ घालायची, कपडे चढवायची, झोळीत घालून खुर्चीत बसवायची, ती रोझाल्वा. बदामाच्या कारखान्यात लागली. तिला मी वाईट शब्द बोललो नाही (निदान तोंडावर तरी). काउंटी देते त्याहून कारखाना जास्त देतो, आणि बदामाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागत नाही. जाताना ढसाढसा रडली, सुपाचं पातेलं करून ठेवलं आणि ते नेमकं शेगडीवर ठेवून गेली, जिथे माझा हात सात जन्मांत पोचायचा नाही. तेव्हापासून गोठ्यातला माझा जुना सोबती रामिरो कामावर जाता-येता डोकावतो, पाणी-पाव भरवतो, लघवीची पिशवी रिकामी करतो. पण त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, त्याला मला उचलता येत नाही, वळवताही येत नाही. समाजसेविका सांगून गेली आहे की लवकर कुणी मिळालं नाही तर मला नर्सिंग होममध्ये हलवतील, तात्पुरतं. आमच्या समितीची आधीची अध्यक्ष बर्नीससुद्धा तात्पुरतीच गेली होती. तिचं घर आता दुसऱ्यांनी भाड्याने घेतलंय, मांजर कुणी नेलं कुणाला माहीत नाही, आणि बर्नीस अजून तिथेच आहे. मी एकदा तिथे गेलो की परत यायचो नाही, ताई. मला भीती वाटते. गवताच्या गंजीवरून पडून लुळा झालो तेव्हाही एवढी वाटली नव्हती, कारण तेव्हा विचार करायला वेळच मिळाला नाही.

मी काउंटीच्या त्या समितीवर आहे हे तुला ठाऊकच आहे. भाऊ सरकारात आहे म्हणून तू गावभर सांगून बसलीस. सरकारात कसला गं! अपंगांच्या घरी येऊन त्यांची उठबस करणारी माणसं काउंटी पुरवते, त्यांचं नीट चाललंय का ते बघायचं आणि वरच्या मंडळाला सल्ला द्यायचा, एवढंच आमचं काम. सल्ला ऐकलाच पाहिजे असं मंडळावर बंधन नाही. खुर्च्या अकरा, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त, ज्यांना मदत लागते अशांच्याच हव्यात. नियम चांगला आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण होतं काय, की घरी माणूस येत नाही हे सांगायला ज्याने यायचं, त्याच्या घरी माणूस न आल्यामुळे त्याला येताच येत नाही. किती बैठका गणसंख्येअभावी रद्द झाल्या. ज्या झाल्या त्यांत सगळं आलबेल असल्याचं दिसून आलं, कारण ज्यांच्याकडे माणसं येतात तेवढेच हजर होते.

या वेळी विषय होता बदली यादीचा. आपला माणूस आला नाही तर फोन करायचा आणि यादीवरचं दुसरं कुणी येतं, अशी ती सोय. (यादीवर सध्या एकच बाई उरली आहे आणि ती धुक्यात गाडी काढत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात धुकं सोडून दुसरं असतं काय?) ही यादीच बंद करावी, कुणी फारसं वापरत नाही, असं मंडळाच्या मनात आलं. आम्ही मंगळवारच्या आत लेखी हरकत घेतली तर यादी चालू राहणार आणि नवीन माणसं घेण्याचा विषय मंडळाला उघड सभेत काढावा लागणार. नाही घेतली तर 'समितीची हरकत नाही' असं लिहून ते मोकळे. येऊ शकणारे सभासद होते पाच. लागत होते सहा. सहावा मी, आणि मी बिछान्यात.

डार्लीन ही आमची चिटणीस. बाई मायाळू, पण कायदा तिला तोंडपाठ, आणि माया व कायदा यांची गाठ पडली की ती कायद्याच्या बाजूने रडते. मी म्हटलं, घरूनच कॅमेऱ्यावर हजर राहतो. ती म्हणाली, अवश्य, पण सभा जाहीर असते, तेव्हा सभासद जिथून बोलेल ती जागाही जाहीर. पत्ता नोटिशीवर, नोटीस दारावर, दार उघडं, आणि येईल त्याला आत घ्यायचं. मी म्हटलं, अहो बाई, ती माझी निजायची खोली आहे. मग तेच सभास्थान, ती म्हणाली. मी पायजम्यात असेन. पोशाखाबद्दल कायद्यात काही नाही. आणि पायजमाही नसला तर? यावर ती वकिलांना विचारून सांगते म्हणाली. (अजून सांगितलेलं नाही.)

रामिरोने नोटीस आणून दारावर चिकटवली, दाराला वीट लावली, लॅपटॉप माझ्या छातीवर ठेवला आणि गेला. काउंटीची नोटीस कशी असते, तर जाड काळी चौकट, वर शिक्का, आणि मध्ये ठळक अक्षरांत माझं पूर्ण नाव, तारीख, वेळ. आपल्या पोर्तुगीज बेटांवर काळ्या चौकटीतलं नाव दारावर माणूस गेल्यावरच लागतं, ते तुला सांगायला नको. रामिरोच्या लक्षात यायचं कारण नव्हतं, तो पडला मेक्सिकन. आणि मी दाराच्या आतल्या बाजूला. पलीकडच्या गल्लीतल्या इदालिनाकाकू तेवढ्यात पाव घेऊन चालल्या होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, नाव वाचता येतं. भर थंडीत सताड उघडं दार आणि चौकटीत जासिंतो. काकू आत आल्याच नाहीत. सरळ घरी गेल्या आणि चर्चच्या पवित्र आत्मा मंडळातल्या सगळ्या विधवांना फोन केले.

सभेला नागरिक येत नाहीत म्हणून डार्लीन दर वेळी हळहळते. त्या दुपारी माझ्या खोलीत नागरिकांना उभं राहायला जागा नव्हती. काळे कपडे, हातात जपमाळा, गोड पाव, सोपाशच्या रश्श्याचं भलंमोठं पातेलं, आणि चर्चच्या हॉलमधून आणलेल्या घडीच्या खुर्च्यासुद्धा! सगळ्या रडतच आल्या. इकडे डार्लीन हजेरी घेत होती. मी "हजर" म्हणालो आणि दिओलिंदाबाईंच्या हातातलं पातेलं खाली आलं. काकूंनी आधी माझा गालगुच्चा घेऊन खात्री केली आणि मग त्याच गालावर चापट मारली. "मेल्या, जिवंत आहेस होय! मग दारावर नाव कशाला लावलंस?" आमचे अध्यक्ष वॉरनसाहेब, त्यांना दिसत नाही. त्यांना नुसते हुंदके आणि भांड्याचा आवाज ऐकू आला. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं की हे विषयपत्रिकेवरच्या मुद्द्याबद्दलच आहे ना?

तसं ते नव्हतं. पण पायांवर सांडलेला रस्सा पुसता पुसता काकूंना माझं पांघरूण चुरगळलेलं दिसलं, आणि काकूंना चुरगळलेलं पांघरूण बघवत नाही. त्यांनी ते सारखं करायला उचललं. मग नाक दाबलं. मग मला कुशीवर ढकलून मागे पाहिलं. इतर बायकाही बघायला सरकल्या आणि त्यांचं रडणं थांबलं. मग काकू कॅमेऱ्यासमोर आल्या आणि जे सुटल्या! सगळं पोर्तुगीजमध्ये. वॉरनसाहेब म्हणाले, कुणी भाषांतर करील का? घरात दोन्ही भाषा येणारा माणूस एकच. मी म्हणालो, "नागरिकांना सेवेच्या दर्जाबद्दल चिंता वाटते." काकू इंग्रजी बोलत नाहीत, पण आपण किती बोललो आणि पलीकडे किती पोचलं हे त्यांना बरोबर कळतं. "एवढंच? मी घसा फोडून सांगितलं त्याचं एवढंच झालं? नीट सांग, नाहीतर पांघरूण काढून दाखवते त्यांना!"

मग सांगितलं. सांगितलं की या बाई म्हणतात, याच्या अंगाला वास येतोय. म्हणतात, आजारी वासराखालचं गवतसुद्धा माणूस रोज बदलतो. म्हणतात, याला पाठीमागे जखम पडली आहे, बोट आत जाईल एवढी, आणि या वेड्याला स्वतःलाच त्याचा पत्ता नाही. ताई, खरंच नव्हता. तिथलं मला काही जाणवत नाही. मला ते काकूंच्या तोंडून त्याच क्षणी कळलं आणि त्याच क्षणी मी ते इंग्रजीत सांगत होतो, इतिवृत्तासाठी. शरमेने मेल्यासारखं झालं. मग रडू आलं, आणि कॅमेरा बंद करायला बोट पोचेना.

प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं बोलायचा हक्क असतो, आणि भाषांतर असलं की दुप्पट. कायदा इथे फार उदार आहे. एकाही बाईने हक्क सोडला नाही. दिओलिंदाबाईंनी तर माझ्या लहानपणापासून सुरुवात केली. समितीसमोर इतकं खरं कधीच कुणी बोललं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. नागरिकांचं बोलणं संपल्याशिवाय मत घेता येत नाही. शेवटी संपलं आणि डार्लीन नावं पुकारू लागली. पहिलं माझं, मी हरकतीच्या बाजूने. तेवढ्यात तिकडे कचेरीबाहेर हॉर्न वाजला. पा याङ नावाची एक पोरगेलीशी सभासद आहे, विजेच्या खुर्चीतून येते, तिला न्यायला काउंटीची गाडी आली होती. ती गाडी थांबत नाही. चुकली तर पोरगी कचेरीतच अडकणार, आणि तिला बिछान्यात निजवणारी बाई वाट बघून निघून जाणार. पा म्हणाली, माफ करा, आणि रडतच गेली. उरलो पाच. डार्लीनने पेन खाली ठेवलं.

मंगळवारी काउंटीच्या मंडळाने वाचून दाखवलं की समितीची हरकत नाही, आणि यादी बंद केली. काकूंना हे माहीत नाही. जाताना त्या म्हणाल्या, बघ कसं सुनावलं! मी म्हटलं, जिंकलात काकू. तुझा त्यांना फोन झालाच तर तूही तेच म्हण. त्यांच्या बोलण्यात वेळ गेला हे त्यांना कळता कामा नये.

असो. जखमेला आता नर्स पट्टी करून जाते. माझं ठीक चाललंय. तू मुळीच यायची घाई करू नकोस, तुझ्यामागे काय कमी आहे? भावजींना नमस्कार, सासूबाईंच्या हाताची पापी.

तुझा,
जासिंतो

ता. क. : त्या दिवसापासून विधवा मंडळ पाळीपाळीने मला वळवायला यायचं. काल काकूंची कंबर धरली. डॉक्टरांनी त्यांना पडून राहायला सांगितलंय, आणि बाकीच्यांना त्यांच्या मुलांनी बजावलंय. तेव्हा ते आता बंद.

ता. क. २ : समाजसेविका शुक्रवारी नर्सिंग होमचे कागद घेऊन येणार आहे. घरचं कुणी राहायला येणार असेल तरच ते थांबतील. वर 'यायची घाई करू नकोस' लिहिलंय ते खरं धरू नकोस.

ता. क. ३ : तुला येता यायचं नाही, मला कळतं. सासूबाईंना कुणावर टाकणार? म्हणून एवढंच कर. 'मी भावाकडे राहायला येत आहे' असं इंग्रजीत चार ओळींचं पत्र लिही, खाली सही कर आणि तारीख जरा लांबची घाल. तोपर्यंत ते मला हलवणार नाहीत. खोटं आहे हे मला ठाऊक असेल, तेव्हा मी वाट बघणार नाही. तरी लिहिताना खरीच निघाल्यासारखं लिही.