तव्यावर वाळवलेली वही

३ फेब्रुवारी १९७९, शनिवार

पपई गारांनी नाही मेली, माझ्या तव्याने मेली! हे आधी लिहून टाक, म्हणजे उद्या गल्लीत कोणी दुसरंच सांगायला नको.

चारच्या सुमारास कामठीकडून आभाळ जांभळं होत आलं. वारा असा की दोरीवरचं लुगडं उडून शेजारच्या नत्थूजींच्या जामाच्या झाडावर जाऊन बसलं. मग गारा. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या! छतावरचे कवेलू तडातडा फुटायला लागले. बेबी, माझी नात, पाच वर्षांची, ती पदरात घुसली ती निघेचना.

माझ्या माहेरी गारा आल्या की अंगणात लोखंड फेकायचे. गार थांबते म्हणून. मी तवा उचलला आणि दिला फेकून. प्रेमलता, माझी सून, ओरडली, "आई, काय करून राहिल्या? आपण हे सारं सोडलं नं! दीक्षा घेतली नं तुमी!"

"देव सोडले वं," म्हटलं, "लोखंड कुठं सोडलं?"

तवा गरगरत गेला आणि पपईच्या बुंध्यात बसला. पपई आडवी! गारा आपल्या मनाने थांबल्या, त्याला अर्धा तास लागला.

मी सांगते आहे, ही प्रेमलता लिहिते आहे आणि हसते आहे. हस बाई. सकाळी छत पाहशील तेव्हा हसशील का, पाहू.

४ फेब्रुवारी, रविवार

छताला तेवीस भोकं. बेबीने मोजली, खाटेवर आडवी पडून. एका भोकातून कावळा आत डोकावून गेला.

भाजीच्या बाडीत काही उभं नाही. वाल मांडवासकट खाली. टमाटर फुटलेले, वांग्यांना भोकं, सांभार, म्हणजे कोथिंबीर, तर कोणी पाट्यावर वाटावा तसा. थंडी अशी पडली की गारांचे ढीग भिंतीच्या सावलीत सकाळपर्यंत तसेच. बेबीने एक गार वाटीत ठेवली, दुपारी रडली. कुठं गेली म्हणून.

आता खरी गोष्ट. काल वादळात घरात एकच ताडपत्री. एका कोपऱ्यात माझा बीडीचा पत्ता, तेंदूची पानं, कारखान्याची, हप्त्याभराची. दुसऱ्या कोपऱ्यात हिच्या वह्या. ताडपत्री हिच्या हातात होती. हिने पत्त्यावर टाकली. मी पाहत होते. एकदाही मागे वळून वह्यांकडे पाहिलं नाही.

वह्या म्हणजे काय, ते लिही. लाजू नको. देवराव, माझा लेक, हिचा नवरा, जाऊन दोन वर्षं होतील. त्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, सून मॅट्रिक झाली तर तिला टेबलाचं काम देऊ, नाही तर झाडू आणि पाण्याचा माठ. हिची शाळा सातवीत सुटलेली. आता बाहेरून बसणार. पाच मार्चपासून पेपर. आणि हिचा लिहायचा हात बसावा म्हणून रोज रात्रीचं माझं एक पान. मी सांगते, ही लिहिते. मला अक्षर येत नाही आणि हिला गप्प बसता येत नाही, जमलं बरं!

फक्त मी म्हणते "मले", ही लिहिते "मला". म्हणे परीक्षेत "मले" चालत नाही. बरं बाई, कर माझ्या जिभेला इस्त्री.

पत्ता कोरडा आहे. वह्यांचा लगदा आहे.

५ फेब्रुवारी

बाजारात कवेलू नाही. सगळ्या नागपूरचे एकाच दिवशी फुटले, कुंभार तरी काय करेल? प्रेमलता पहाटेच गेली रांग धरायला. मी घरी, बेबी घरी, वह्या घरी.

शाईच्या पेनाची इतिहासाची वही गेली. निळं पाणी. पण गणिताची बॉलपेनची होती. शिवण सुटून पानं सुटी झालेली, एकमेकांना चिकटलेली. उन्हात ठेवावं तर ऊन नाही. मग तवा घेतला. हो, तोच, पपईचा खुनी! मंद विस्तवावर एकेक पान, पापडासारखं. बेबी म्हणाली, "आजी, जळीन." म्हटलं, "तुह्या बापाच्या पोळ्या नाई जळल्या माह्या हातून."

चौऱ्याऐंशी पानं. लावायची कशी? मला काय कळतं कोणतं गणित पहिलं. पण पाणी वरून आलं होतं. वरच्या पानावर डाग ताटाएवढा, त्याखालच्यावर थोडा लहान, मग वाटीएवढा, मग रुपयाएवढा, शेवटच्यावर नुसता टिकलीएवढा. पत्ता लावतो तशी लावली. मोठा खाली, लहान वर. मग उलटी केली.

ही संध्याकाळी आली, हात लाल, तोंड निळं, एकही कवेलू नाही. वही पाहिली. एक पान, दोन पानं, भराभर शेवटपर्यंत. मग खाली बसली.

"आई, सगळी बरोब्बर हाय."

"मंग? काय समजली तू मले?"

"फक्त दोन डोक्यावर उभी हाय."

म्हटलं, थंडीने उभी राहिली असतील.

६ फेब्रुवारी

गारठा. तिघी एका वाकळीत. बेबीचे पाय बर्फ. प्रेमलताचेही. माझे गरम आहेत असं दोघी म्हणतात आणि चारही पाय माझ्यावर.

८ फेब्रुवारी, गुरुवार

कवेलू मिळाले! नत्थूजींनी आपल्या गोठ्याचे उतरवून दिले. गाय गेली, गोठा रिकामा, म्हणतात, आता तिथं मी बसू का? बायको गेल्यापासून हा माणूस एकटा आहे आणि जीभ मात्र दोघांची वापरतो.

त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून शिडी त्यांनी धरली आणि छतावर चढली प्रेमलता. पदर खोचून. गल्ली सगळी बाहेर. प्रयागबाई समोरून म्हणाली, "काहून वं रंभाबाई, सून छतावर अन् सासू खाटेवर?"

"तू चढ नं," म्हटलं, "मी तुह्या खाटेवर येते."

नत्थूजी खालून सांगत होते, "डावा पाय वाश्यावर टाक पोरी, कवेलूवर नको!" ती वरून ओरडत होती, "माहीत हाय!" माहीत नव्हतं. एक कवेलू नत्थूजींच्या खांद्याला चाटून गेला. ते म्हणाले, "तवा चुकला, तर आता हे."

बावीस भोकं बुजली. तेविसावं राहिलं, कवेलू संपले. बेबीला आनंद, रात्री त्यातून एक चांदणी दिसते.

संध्याकाळी तीच प्रयागबाई ताटभर भाकरी घेऊन आली. तिच्या टमाटरचं झालं ते माझ्या टमाटरचं झालं, मग दोन्ही घरच्या फुटक्या टमाटरची एकच चटणी केली. इतकी चांगली चटणी सरळ टमाटरची होत नाही. खरं सांगते.

११ फेब्रुवारी, रविवार

पारशिवनीहून हिचा भाऊ आला, गोपाळराव. सकाळच्या एसटीने, पिशवीत तांदूळ. छताकडे पाहिलं, बाडीकडे पाहिलं. जेवायला बसला. मग बोलला. ही म्हणते हे लिहायचं नाही. लिही.

"काय धरून बसली वं इथं? नवरा गेला, छत गेलं. एक मास्तर हाय, बायको वारली, लेकरू नाई. बेबीले बी घेऊन ये म्हणते तो. भला माणूस हाय."

"दादा, पाच तारखेपासून पेपर हाय माहे."

"पेपर देऊन काय करशील?"

"पास होईन."

"अन् नाई झाली तं?"

"तं ऑक्टोबरात बसीन."

गोपाळरावने माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी सूप जवळ ओढलं आणि बीड्या वळत राहिले. मी कशाला मधे बोलू? माणूस चांगला आहे, मास्तर चांगला आहे, आणि ही सव्वीस वर्षांची आहे.

मग ही म्हणाली, "मी गेल्यावर आईचं पान कोण लिहीन?" एवढंच. गोपाळराव हसला. म्हणाला, "पानासाठी राहतं का कोणी?" हिने त्याच्या ताटात आणखी चटणी वाढली.

चारच्या एसटीने गेला. तांदूळ ठेवून गेला. भला पोरगा.

१४ फेब्रुवारी

इतिहासाची वही ही पुन्हा लिहिते आहे. नत्थूजींच्या ओळखीच्या पोरीने आपली दिली, पंधरा दिवसांकरता. रोज पहाटे चारला उठते, कंदील माझ्या डोळ्यावर. शिव्या देते मी. मग चहा करते.

१९ फेब्रुवारी

सांभार उगवला! जिथं चिखल होता तिथं हिरवं बारीक. वांग्याच्या खोडांना डोळे फुटले. पपई मात्र नाही. तिची माफी मागितली, जाऊन, खरोखर. बेबीने विचारलं, कोणाशी बोलून राहिली?

काय काय गेलं ते मोजत होते आणि उलटंच झालं. पत्ता वाचला. भिंत वाचली. गणित वाचलं. गोठ्याचे कवेलू डोक्यावर आहेत, प्रयागबाईचं ताट अजून आमच्याकडे आहे. एवढ्या गारा पडल्या आणि पोरीच्या डोक्याला एक लागली नाही. मी कोणाला हात जोडू? देव तर सोडले. आल्या-गेल्याला जोडते.

३ मार्च

उजळणी चालली आहे. मला धडे म्हणून दाखवते. शिवाजी महाराज आग्र्याहून तिसऱ्यांदा सुटले आज. चूक केली की मी ओळखते, ही अडखळते तेव्हा पायाचा अंगठा हलतो.

५ मार्च, सोमवार

हे पान नत्थूजींच्या हातचं. प्रेमलता पहिल्या पेपरला गेली, बेबी प्रयागबाईकडे आहे.

गोपाळरावला मी बोलावलं होतं. गारांच्या कितीतरी आधी, जानेवारीत, याच नत्थूजींकडून कार्ड लिहून घेतलं: बहिणीला घेऊन जा, चांगलं घर पाहा, माझ्या सुपापाशी तिचं आयुष्य नको. तो आला, आणि मी दिवसभर मनात म्हणत होते, नाही म्हण, नाही म्हण, नाही म्हण.

नत्थूजी विचारतात, फाडू का हे पान? नको. खळ लावा आणि पुढच्या पानाला चिकटवून टाका. सत्तावीस तारखेला तिचे पेपर संपतात. मग मीच सांगेन, उकल.