न चाखलेली आमटी

शनिवार, गणेश चतुर्थी, २०२०
अ‍ॅमस्टेलव्हीन, नेदरलँड्स

डोक्यातली गाठ काढून सहा महिने झाले. तेव्हापासून सगळं अळणी लागतं. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, फोनवर म्हणतो, कोरोनाची टेस्ट करा. दोनदा केली. हे ऑपरेशनपासूनचं आहे, हे त्याला किती वेळा सांगायचं?

पण तो परका. घरच्यांचं काय?

नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून आज आमटीत मीठ नुसत्या हाताच्या अंदाजाने घातलं. जेवताना लेक पहिल्याच घासाला म्हणाली, "आई, धिस इज लाइक बिफोर." नितीनने तिच्यावर डोळे वटारले. नवऱ्याचे ते डोळे बघितले आणि कळलं. रोज मी चाखून चाखून मीठ वाढवत होते, आणि हे दोघं ती खारट आमटी 'छान झालीय' म्हणत गिळत होते.

नितीन म्हणे, "तुला वाईट वाटलं असतं."

गाठ काढलीय माझी, अक्कल नाही.

मघाशी उरलेली आमटी चाखून पाहिली. अळणीच. उद्यापासून रोजचा स्वयंपाकही न चाखताच करीन. पण आता कोणी छान झालीय म्हटलं, तर ते खरं की खोटं, हे मी कुणाला विचारू?