चूल न पाहिलेला नाश्ता

दि. ४ मार्च

ति. आईस,
शि. सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. पण काल क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून चाळीस मीटर वर, डोळ्यांपुढे अंधारी आली. ब्रेक लावून गप्प बसून राहिले म्हणून निभावलं. क्रेन शिकवणाऱ्या उस्तादांनी खाली उतरवून विचारलं, सकाळी काय खाल्लंस? मी म्हटलं, चहा. झालं! आणखी एकदा चक्कर आली तर एकवीस तारखेच्या परवान्याच्या परीक्षेला नाव पाठवणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. आई, दीड वर्ष राबले गं मी या परीक्षेसाठी.

पहाटे पाचला निघावं लागतं, आणि खोलीत काही शिजवायला घरमालकीणबाईंची सक्त मनाई. तूच सांग, करू काय?

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
बुटकी

दि. ८ मार्च

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हातातला डाव गळून पडला. तीस वर्षं मी इस्पितळात दोनशे माणसांना नाश्ता घालते, आणि माझीच पोर चहावर लोखंड चढते! कुणाला सांगायची सोय नाही.

रजईच्या घडीत विजेची छोटी शेगडी गुंडाळून पाठवली आहे. बाईंना कळायचं काही कारण नाही. थंड खाणं सुचवू नकोस, चूल न पाहिलेल्याला मी नाश्ता म्हणत नाही. आणि स्वतःचं डोकं चालवलंसच, तर आमच्यासारखी नमुन्याची वाटी बाजूला ठेव. इथे प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, वर पदार्थाचं आणि करणारीचं नाव लिहून दिवसभर ठेवतात. पोट बिघडलं तर कुणाला धरायचं ते कळतं. तुझा हात मला माहीत आहे, म्हणून सांगते.

पोटभर खा, म्हणजे माझ्याही घशाखाली घास उतरेल.
तुझी आई

दि. १४ मार्च

ति. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शेगडी पोचली आणि जप्तही झाली. बाईंनी प्रेमाने रजई उलगडून दिली, आणि शेगडी थेट त्यांच्या पायावर! अंगठा टम्म सुजला. खोली सोडायचीच पाळी आली होती. शेवटी मी सगळं खरं सांगितलं, चक्करसुद्धा. तशी बाईंनी आपल्या फ्रीजमधला एक कप्पा मला रिकामा करून दिला.

आता संध्याकाळी बरणीत अर्धी वाटी ओट्स, वाटीभर दही, दोन चमचे दूधपावडर, मूठभर भाजलेल्या दाण्यांचं कूट आणि थोडं पाणी घालते. झाकण लावून हलवायचं आणि फ्रीजमध्ये ठेवून द्यायचं. सकाळी वर केळं कापलं की पाच मिनिटांत बरणी साफ. टपरीवरच्या चहा-बिस्किटांपेक्षा महाग पडत नाही, आणि दुपारपर्यंत पोट हूं की चूं करत नाही. उस्तादांनी परीक्षेला नाव पाठवलं! नमुन्याची वाटी मात्र उरत नाही, बाई खाऊन टाकतात.

रागावली असलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी बुटकी

दि. २४ मार्च

चि. बुटकीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

‘पास झाले’ एवढंच लिहिलेलं तुझं कार्ड मी अख्ख्या वॉर्डाला दाखवून आले. शिपायाला तर दोनदा.

आता माझं ऐक. वीस तारखेला निरोप आला, की दुरुस्तीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी गॅस बंद राहणार. सगळ्या म्हणाल्या, नुसता पाव वाटू. आजारी माणसांना नुसता पाव? मी तुझं पत्र काढलं. आहार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी वाचून मान डोलावली आणि कुणाला दाणे द्यायचे नाहीत ते लिहून दिलं. संध्याकाळी पातेली भरभरून भिजवलं. चूल न पाहिलेलं! सकाळी वाट्या चाटूनपुसून परत आल्या. मीही खाल्लं. बरं होतं. बरं कसलं, छान होतं.

मग नमुन्याच्या वाटीवर चिठ्ठी लावायची वेळ आली. करणारीच्या जागी तीस वर्षं माझं नाव लिहिलंय, हात आपोआप तेच लिहायला गेला. मी थांबले आणि लिहिलं, ‘माझी लेक, क्रेन चालवते.’ मुकादमीणबाई म्हणाल्या, असं चालत नाही. मी म्हटलं, आज चालेल. तेव्हा सकाळचे सात वाजले होते. तुझी परीक्षा त्याच दिवशी दहाला होती.

बाईंच्या अंगठ्याची आठवणीने चौकशी कर, आणि मला अशीच मान वर करून बघायला लावत जा.
तुझी आई