भरल्याशिवाय ट्रक हलणार नाही

३ मार्च, सोमवार
साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. पुढच्या महिन्यापासून माल आणि ट्रक एकाच माणसाच्या हाती. आजवर गोदामातून कुठल्या दुकानाला किती माल सोडायचा ते मी ठरवतो आणि ट्रक बघतात आमचे साडू. धाकट्या मेहुणीचे यजमान. इथे चिकटवले कोणी? मीच! तो एक माणूस कोण, हे उघड आहे. साहेब बोलताना माझ्याकडेच बघत होते.
साडूंचे ट्रक रोज अर्धे रिकामे धावतात. बघून तळपायाची आग मस्तकात जाते.
संकल्प: ट्रक गच्च भरल्याशिवाय हलणार नाही. आणि चिडायचं नाही. बीपी.

४ मार्च
नियम लागू. टेकडीपलीकडच्या सहा दुकानांचा माल रोखला. साडू आले. म्हणे तिकडे बाळांची दूध पावडर संपत आलीय, आहे तेवढा माल तरी सोडा. मी शांतपणे सांगितलं, तुम्ही चाकं बघा. अकाउंट्सच्या बाईंनी उठून दार लावून घेतलं. त्यांना कशाचाही त्रास होतो.

७ मार्च
ट्रक अजून निम्मा. दुकानदारांचे फोनवर फोन. उचलणं बंद केलं. दोन दिवस पावडर नाही मिळाली तर काय आभाळ कोसळतं? प्लॅनिंग कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना काय सांगणार? गाढवापुढे वाचली गीता.
चिडलो नाही. फक्त स्टेपलर आपटला. तो आधीच तुटका होता.

८ मार्च, शनिवार
तोडगा सापडला! बादल्या, मॉप आणि टॉयलेट रोल. वजन नाही, जागा भरपूर. तासाभरात ट्रक गच्च. दूध पावडर महत्त्वाची, म्हणून स्वतः उभं राहून सगळ्यात आधी चढवून घेतली. जे आधी उतरवायचं ते शेवटी चढवतात, असं काहीतरी साडू पुटपुटत होते. हातानेच गप्प केलं.
फोटो साहेबांना पाठवला. उत्तर नाही. भारावले असावेत.

१० मार्च, दुपारी
ड्रायव्हरचा फोन. पावडर पार आत, बादल्यांमागे. पहिल्याच दुकानापुढे भर रस्त्यात सगळा ट्रक उपसतोय. दुकानात बादल्या ठेवायला जागा नाही, म्हणून पुन्हा भरायचाय. मी विचारलं, अक्कल कुठे ठेवलीस? म्हणाला, तीही आतच असेल.
उर्मट!

११ मार्च
काल दुसऱ्या दुकानापर्यंत पोचता पोचता संध्याकाळ. बाकीची चार दुकानं बंद झाली होती.
मुलीचा फोन. ती टेकडीपलीकडेच राहते, नात पाच महिन्यांची. तिच्या बाजूची चारही दुकानं पालथी घातली, पावडर नाही. रडत होती. मी तिला भरलेल्या ट्रकचा फायदा समजावून सांगितला. तिने फोन ठेवला.
शेवटी साडूंनी कुठूनसा डबा मिळवून स्वतः नेऊन दिला. अख्ख्या गाडीत एक डबा! याला काय वाहतूक म्हणायचं?
बायको बोलत नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. नात कशी आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. आता कुणाला विचारू?

१३ मार्च
साहेबांनी बोलावलं. तीन फेऱ्यांचं काम एका फेरीत कसं केलं, ते मी सांगितलं. त्यांनी विचारलं, मग दुकानं रिकामी का? मी म्हणालो, ट्रक भरलेला होता. त्यांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. विचारात पडले. काम झालं.

१७ मार्च, सोमवार
पद साडूंना. मी त्यांचा असिस्टंट. बायकोला शुक्रवारीच कळलं होतं, मेहुणीकडून. तीन दिवस माझ्यासमोर बसून जेवली!
राजीनामा लिहिला. संतापाने फाडला. पुन्हा लिहिला. घराचे हप्ते आठवले.

१ एप्रिल
साडूंनी उठून मला खुर्ची दिली. दुकानदारांचे फोन आता मी घ्यायचे. पहिलाच फोन टेकडीपलीकडून, माल कधी निघणार? मला माहीत नव्हतं. तोंडात आलेली शिवी गिळली. म्हणालो, थांबा, साहेबांना विचारून सांगतो.
आणि साडूंना विचारलं.