मीटरमागची वायर

चिमणे,

गाडीचा डॅशबोर्ड खोलून ठेवलाय. दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलंय, ‘हा भाग सहज निघतो.’ लिहिणाऱ्याला एकदा माझ्यासमोर बसवायला हवं! स्क्रू ओळीने बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवले होते, तर तुझ्या आईने न बघताच पाणी ओतून ट्रे फ्रीजरमध्ये सारला. आता वितळताहेत.

मीटरमागची वायर तेवढी जोडायची राहिलीय. माझा पंजा तिथे शिरत नाही, तुझा शिरेल. ‘तुला गाडीतलं काय कळतं?’ असं परवा म्हणालो, ते काही पुस्तकात लिहिलेलं नाही. माझ्याच जिभेला हाड नाही.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. वायर जोडून किल्ली फिरव, पेट्रोलचा काटा हलला की नुसता हॉर्न वाजव. मी समोर दुकानातच आहे, दार उघडं ठेवलंय.

बाबा