गाठ आहे तिथंच आहे

बाई, आपल्या चर्चच्या मंडळीचा विशेषांक हातात पडला आणि त्यात तुम्ही बऱ्या झाल्या आहात. वर ठळक अक्षरांत माझं नाव आहे. संडे स्कूल घ्यायचात ती खोली आता सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्यांनी भरलीय, तुम्हाला ओळखणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि माझ्या लेखात तुम्ही प्रार्थनेच्या मंडपातून ठणठणीत होऊन घरी जाता. तो शेवटचा परिच्छेद माझा नाही. पण वाचणाऱ्याला हे कसं कळावं? माझं तर डोकंच फिरलंय.

कथा लिहायला कुणी शिकवलं असं लोक विचारतात, तेव्हा मी नव्या जन्मलेल्या राजाच्या धास्तीनं तान्ही लेकरं मारणाऱ्या हेरोद राजाचं नाव घेते. त्या नाताळच्या नाटकात मला मरिया व्हायचं होतं. तुम्ही भाकरी थापताय, मी तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मुसमुसतेय, आणि तुम्ही मान न वळवता म्हणता, "मरिया कोन्हीही करते. निळी ओढणी घेतली का झाली मरिया. तू हेरोद कर." मग तालमीत मी डोळे वटारून, मिशीला पीळ देऊन असा काही हेरोद केला की पोरं हसून लोळली. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही तालीमच थांबवलीत. "काऊन वं, हसवाले उभी केली का तुले? तो भेलेला माणूस हाय. त्याची झोप उडाली हाय. लेकरं मारणारा खोटा केला, तर मेलेले लेकरंही खोटे होतात." सगळ्यांसमोर बोललात. मी चिडून दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

पण ते वाक्य मानगुटीवर बसलं ते बसलंच. माझ्या कथांत बायकोला मारून रविवारी पहिल्या बाकावर बसणारा माणूस येतो, सासूच्या मरणाची वाट बघणारी सून येते, आणि शेवटी कुणी गुडघे टेकून रडत नाही. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, "एवढी लेखणी देली देवानं, त्याच्यासाठी काऊन नाही लिवत?" मी त्याच्यासाठीच लिहिते हो, बाई. पण हे कुणाला सांगू? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नुसती मान डोलावून भाकरी उलटली असती.

आणि तो मंडप. छातीतली गाठ तोवर लपवण्यासारखी राहिली नव्हती, जालन्याच्या दवाखान्यात तुमच्या फेऱ्या चालू होत्या. बाहेरगावचे उपदेशक आले होते. त्यांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवला, घसा बसेपर्यंत प्रार्थना केली आणि माईक तुमच्या तोंडापुढं धरला. "सांगा बहिणी, गाठ गेली की नाही?" बायका आधीच हल्लेलूया म्हणायला लागल्यात. मी पाण्याची बाटली घेऊन तुमच्या शेजारी उभी आहे. तुम्ही पदराआडून हात घालता आणि गहू निवडावेत तसं सावकाश, नीट चाचपून बघता. सगळा मंडप थांबलाय. मग तुम्ही म्हणता, "गाठ हाय तिथंच हाय. अन् देवही हाय तिथंच हाय. मी उद्या जालन्याले जातो." त्यांनी माईक असा काही हिसकला की कर्णा किंचाळला. पेटीवाल्यानं घाईघाईनं गाणं धरलं.

त्यानंतर तुमच्या घरी प्रार्थनेला येणारी माणसं आटली. बाईचा विश्वास कमी पडला, असं बायका नळावर बोलायच्या, मी ऐकलंय. गाठीपेक्षा तुम्हाला तेच जास्त लागलं. शेवटी शेवटी पाणीही उतरत नव्हतं, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "मी तसं बोलाले नव्हतं पाह्यजे का वं?" मी म्हटलं, बरोबर बोललात. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून राहिलात. तुम्हाला पटलं की नाही, मला आजही माहीत नाही. मातीला इतकी कमी माणसं होती की फावडं मीही हातात घेतलं. त्या लोकांचा राग अजून गेलेला नाही, आणि दर रविवारी मी त्यांच्याच शेजारी बसते.

चर्चचे नवे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही. विशेषांकासाठी बाईंवर तुम्हीच लिहा म्हणाले. मी सगळं लिहिलं, जसं झालं तसं. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, शेवट जरा आशेचा करा. तुम्ही तर कथा लिहिता, तुम्हाला काय अवघड?" मी म्हटलं, कथेतसुद्धा मी असं करत नाही. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. छान हसले. मग शेवट त्यांनीच बदलून छापला.

इथवर मी नुसती धुसफुसत बसले असते. पण काल गिरणीत मंडळीतली एक मावशी भेटली. तिच्या लेकीच्या छातीत गाठ निघालीय. तिनं माझा हात धरला, डोळे भरून आले तिचे. "तुहं लिवलेलं पोरीले वाचून दाखवलं. सोमवारी जालन्याले नेणार होतो, आता नाही नेत. बाई बऱ्या झाल्या, तशी माही पोरगीही होईन." मी म्हटलं, "मावशी, बाई बऱ्या नव्हत्या झाल्या. मी होती तिथं. तो शेवट माहा नाही. पोरीले घेऊन जा." तिनं हात सोडला. "नाव तर तुहंच हाय ना?" "हाव." "मंग तवा खोटं लिवलं, का आता खोटं बोलून राह्यली? तुले तर सवयच हाय बाप्पा, मनानं रचाची." पिठाचा डबा उचलून ती निघून गेली. मी पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "कुणाचा विश्वास मोडू नका, ताई."

उद्या रविवार. उपासनेत साक्षीची वेळ असते, कुणीही उभं राहून बोलू शकतं. मावशी आणि तिची लेक समोरच्याच बाकावर बसतात. सोमवारची गाडी अजून गेलेली नाही. घरचे म्हणतात, गप बस, उद्या आपल्यालाही त्याच कब्रस्तानात जागा मागायची आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळायला नकोय. इतकी वर्षं मंडळीत काढली, पण साक्षीला मी एकदाही उभी राहिलेली नाही. सकाळपासून ओट्यापाशी तुमचं ते वाक्य म्हणून बघतेय. गाठ आहे तिथंच आहे. एवढंच म्हणायचंय, पण दर वेळी आवाज हेरोदाचा निघतो. भेलेला, बाई. अगदी तुम्हाला हवा होता तसा.