हात धुवायच्या निमित्तानं

आप्पा, तुम्ही न पाहिलेली तुमची नात इटलीत नोकरी करते आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं म्हणते. मी मागच्या महिन्यात जाऊन त्याचं घर बघून आले. बेळगावात शेजारणींना सांगितलं, तिकडची जुनी देखणी गावं बघायला चाललेय. फोटो पाठवा म्हणाल्या, पाठवले. पण मी कशाला गेले ते तुम्हाला सांगायला नको. आक्काच्या वेळी तुम्ही गुंजीला स्थळ बघायला गेला होतात, तेव्हा मला सोबत नेलं होतं. पुढच्या सोप्यात पोहे खाल्लेत, पोराकडं धड बघितलंही नाहीत आणि हात धुवायच्या निमित्तानं सरळ परसात गेलात. येताना गाडीत म्हणालात, "पोरी, सोपा सगळेच सारवत्यात. घर बघायचं तर मागनं बघावं." निपाणीच्या वखारीतही तुमचं तेच. तंबाखूनं ठासून भरलेला बोद आला की वरचा माल बघायचाच नाही, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि तळातली मूठ काढून नाकाशी धरायची.

मुलाचं गाव टेकडीवर आहे. शेकडो वर्षांची दगडी घरं, खिडकीखिडकीत लाल फुलं, चौकात विहीर. मला पहिल्या मिनिटापासून संशय. एवढं जुनं गाव आणि एक भिंत पोपडलेली नाही? गल्लीत शेण नाही, भांडण नाही, कुत्रं भुंकत नाही. विहिरीवर जाळी, पाणी कुणी काढत नाही, लोक येतात आणि तिच्यापुढं उभे राहून फोटो काढतात. लेक कौतुकानं दाखवत होती आणि मी मनात म्हणत होते, हा नुसता सोपा झाला, बये. मुलाच्या घरीही तेच. आईबाप हसरे, आजी नव्वदीची आणि तुरतुरीत, टेबलावर स्वच्छ कापड. मागच्या बाजूला एक उंच, बिनखिडक्यांची इमारत दिसली. हे काय म्हणून विचारलं, तर मुलाची आई घाईनं म्हणाली, "काही नाही, जुनी अडगळ." झालं. जेवण गोड लागेना. काय दडवलंय तिथं? कर्ज, की कुणी वेडा काका?

जेवण झाल्यावर मी हात धुवायचे म्हणाले. त्यांनी मला आरशाच्या, सुगंधी साबणाच्या बाथरूममध्ये नेऊन सोडलं! तुमची विद्या तिथंच बुडायची होती, पण मी हात ओलेच ठेवून मागच्या दारानं बाहेर पडले आणि त्या इमारतीचं दार ढकललं. आत अंधार होता. आधी वास आला. आप्पा, तुमच्या सदऱ्याचा वास. आई वेगळ्या बादलीत धुवायची तरी जात नसे, तो. वर बघितलं तर धुरानं काळ्या झालेल्या वाशांवर काठ्या, आणि एका काठीला वाळल्या पानांची जुडी. मी तिथंच उभी राहून रडले.

मागून आजी आली, तिच्यामागं लेक. आजी रागावली नाही. तिच्या बापाची तंबाखू इथं धुरावर वाळायची, ती स्वतः लहानपणापासून पानं ओवायची, हे लेकीनं मला मराठीत सांगितलं. सुनेला या जागेची लाज वाटते, म्हणाली म्हातारी, आणि आपले राठ हात माझ्यापुढं धरून हसली. मग तिनं विचारलं, "तुझे वडील काय करायचे?"

कॉलेजला असताना हॉस्टेलवर पोरी नाक मुरडायच्या, निपाणीची ना तू, वास येतो. म्हणून मी तुम्हाला मास्तर करून टाकलं होतं. तुम्ही लाडवांचा डबा घेऊन आलात तेव्हा रेक्टरबाई म्हणाल्या, "या मास्तर." तुम्ही माझ्याकडं एकदा बघितलंत आणि म्हणालात, "व्हय बाई, नमस्कार." फाटकात माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "कुठल्या शाळंत हाय मी, तेवढं सांगून ठेव गं. पुढल्या खेपंला चुकाय नको." पुढल्या खेपेला तुम्ही आलाच नाहीत, डबा कंडक्टरकडं दिलात. ती मस्करी होती की दुखणं, हे मला कधी विचारता आलं नाही.

आणि आता त्या म्हातारीचे हात समोर असताना, तुमचा वास चारी बाजूंनी येत असताना, मी म्हणाले, "मास्तर होते." का म्हणाले? सवय, दुसरं काय. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मामाच्या घरी तुमचा फोटो आहे तो वखारीच्या दारातलाच, तिला सगळं ठाऊक आहे. पण तिनं अक्षर न बदलता ते इटालियनमध्ये सांगितलं, अगदी तुमच्यासारखं. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "आई, तू त्यांचं घर मागनं बघितलंस. आपलं कोण दाखवणार?"

लग्नाला मी हो म्हटलंय. घर चांगलं आहे, आप्पा, तळापर्यंत एकच माल आहे. थंडीत म्हातारी आपलं घर बघायला येतेय, निपाणीही बघायची म्हणते. त्याआधी तिला खरं कळवायला हवं, आणि मी हे तुम्हाला लिहीत बसलेय, जिथं टपाल जात नाही. अजून एक राहिलंच. त्या वाळल्या पानांखाली तिनं मोठ्या आदरानं पुढं विचारलं, कुठल्या शाळेत होते? आणि मी शाळेचं नाव सांगितलं.